दोन खड्डे, दोन उलट निकाल: कुठला धरायचा?

हिमवाट:
उत्तरेकडे तोंड असलेल्या 36 अंशांच्या उतारावर जायचं आहे, हिमस्खलनाचा धोका तपासतो आहोत. बर्फ पडून 6 दिवस झाले. तेव्हापासून आकाश निरभ्र, पृष्ठभाग उणे 15 सेल्सिअसच्या आसपास. दोन ठिकाणी विस्तारित स्तंभ चाचणी केली (बर्फाचा 90 बाय 30 सेंमीचा स्तंभ सुटा कापून एका टोकावर वरून थापा मारायच्या आणि तडा कुठवर जातो ते पाहायचं). पहिल्या खड्ड्यात बर्फ 70 सेंमी. 14व्या थापेला 45 सेंमी खोलीवर तडा गेला आणि स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. तिथून 40 मीटरवर बर्फ 140 सेंमी. 30 थापा मारल्या तरी काही नाही. साखरेसारखा भुसभुशीत थर मात्र तिथेही आहे, 115 सेंमीवर. गटात दोन मतं आहेत. सहा दिवसांत बर्फ बसला असेल का?

खडकमाथा:
पहिला निकाल धरा. दुसऱ्या खड्ड्यातून तुम्हाला काहीच कळलेलं नाही, कारण वरून मारलेल्या थापेचा जोर मीटरभराच्या खाली जेमतेम पोचतो. इतक्या खोल थरासाठी करवत वापरा. स्तंभ 30 सेंमी रुंद कापा आणि उताराच्या दिशेने त्याची लांबी थराच्या खोलीइतकी, म्हणजे इथे 115 सेंमी ठेवा. करवतीची बोथट कड त्या थरातून खालून वर ओढत न्या. निम्मी लांबी कापून होण्याआधीच तडा सुटून वरच्या टोकाला गेला, तर तो थर अजून जिवंत आहे, म्हणजे त्यावरचा बर्फ घसरू शकतो. आणि हे लक्षात घ्या, घसरण बहुधा पातळ जागी सुरू होते, खडकांभोवती किंवा उताराच्या कडेला. तिथे माणसाचं वजन थरापर्यंत पोचतं. मग तडा जाड भागाखालून धावतो.

तुषारकण:
'बसला असेल' हे या हवेत चालणार नाही. जमिनीलगत बर्फ शून्याच्या जवळपास असतो. वर उणे 15 आणि जाडी 70 सेंमी, म्हणजे दर 10 सेंमीला 2 अंशांहून जास्त फरक. 1 अंशाच्या पुढे गेलं की वाफ वर सरकते आणि कण टोकदार, सुटे होत जातात. पातळ भागात तुमचा थर अजून बिघडतो आहे.

हिमवाट:
मग उतार सोडून पायथ्याच्या 25 अंशांच्या पट्ट्यावरून गेलो तर?

खडकमाथा:
वर तोच 36 अंशांचा उतार असेल तर नाही. असा थर खालून, सपाटीवरूनही सुटतो आणि त्यावरच्या बर्फाची लादी तुमच्या डोक्यावर येते. 30 अंशांखालची, वर तीव्र काही नसलेली धार शोधा. कोन प्रत्यक्ष मोजा. नकाशावरच्या 20 मीटरच्या समोच्च रेषांमध्ये छोटा तीव्र टप्पा सहज लपतो.

तुषारकण:
मोबाइल बीकनपासून (बर्फात गाडलेल्याला शोधण्यासाठी अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) एरवी 20 सेंमी आणि शोध घेताना 50 सेंमी लांब ठेवा. निघताना प्रत्येकाचा बीकन संकेत पाठवतो आणि पकडतो, दोन्ही तपासा.