मदत हवी आहे: बदलापूर, निळ्या पूररेषेतल्या इमारतीचा पुनर्विकास

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो, आईबाबा बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अगदी जवळ. तीन मजली जुनी सोसायटी, रीतसर परवानगी घेऊन बांधलेली. स्लॅब गळतोय, खांबांच्या सळ्या उघड्या पडल्यात, त्यामुळे पुनर्विकास टाळता येणार नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत बिल्डरचा प्रस्ताव मंजुरीला येतोय. बाबा कमिटीवर आहेत, म्हणून सहीआधी पूररेषेचं नीट समजून घ्यायचं आहे.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध पट्टा: बगीचा, पार्किंग, ओट्यांची भाजी मंडई चालते, नवी इमारत नाही. आमची इमारत याच पट्ट्यात येते. पण डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, इथल्या जुन्या अधिकृत इमारतींनाही पुनर्विकासाची वाट दिली आहे. जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं आणि पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला हवा. आमच्यासारख्यांना हा फार मोठा आधार आहे.

घोडं अडलंय ते उंचीपाशी. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर पुराच्या दोन रेघा अजून दिसतात. वरची २६ जुलै २००५ ची. खालची जुलै २०१९ ची, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती तेव्हाची. लाल रेषा त्याहून किती वर आहे हे आम्हाला कुणी आकड्यात सांगत नाही. बिल्डरचा माणूस बदलापूर बंधाऱ्याची १७.५० मीटर ही धोका पातळी धरून हिशेब मांडतोय. ती तर पावसाळ्यात लोकांना सावध करण्यासाठी ठरवलेली पातळी! शिवाय पुराचं पाणी नदीभर एका पातळीत नसतं, वरच्या अंगाला ते जास्तच चढलेलं असतं. दाखल्यात आपल्या भूखंडापुरती लाल रेषेची पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, लिहून मिळते का? त्यासाठी अर्ज सोसायटीने करायचा की आर्किटेक्टने?

दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. ही उंची भराव टाकून गाठायची असं प्रस्तावात आहे. आमच्या मागे बैठी चाळ आहे. आमचा भूखंड भरला की आज आमच्या आवारात पसरणारं पाणी तिकडेच जाणार. आमचं घर कोरडं राहावं म्हणून त्या लोकांच्या चुलीत पाणी गेलेलं आईबाबांना चालणार नाही, मलाही नाही. त्यापेक्षा खाली मोकळे खांब ठेवून पाण्याला वाट द्यावी, पंप आणि मीटर वर घ्यावेत, असं आमचं म्हणणं. ही अट विकास करारनाम्यात घालता येते का? दाखला देताना खातं भरावावर काही बंधन घालतं का? तळमजल्यावरच्या सभासदांना वरचं घर द्यायला बिल्डर तयार आहे, तो प्रश्न मिटलाय.

आणखी एक. पाटबंधारे खात्याने रेषा सुधारली की विकास आराखड्यावरची रेषाही सुधारली असं नियमावली सांगते. समजा आमचं जोत्यापर्यंतचं काम झालं आणि मग लाल रेषा वर सरकली, तर आधीची परवानगी टिकते का? तोवर जुनी इमारत पाडलेली असेल, लोक भाड्याच्या घरात असतील. ही जोखीम कुणाची, हे करारात कसं लिहायचं?

बदलापूर, कल्याणमध्ये किंवा सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडे कुणी निळ्या रेषेतला पुनर्विकास केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. ना हरकत दाखल्याचा नमुना नावं झाकून इथे टाकता आला तर फारच बरं, म्हणजे सभेत बाबांना तो सगळ्यांपुढे ठेवता येईल.