बोअरचं पाणी आणि रक्ताच्या पेशी : काळजी करावी की नाही?

लॅबवाली_सोलापूर
सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत बोअरच्या पाण्याला अधूनमधून रंग येतो; डाईंगचं, म्हणजे सूत रंगवण्याचं, सांडपाणी मुरतं असं लोक म्हणतात. "भांड्यांपुरतंच वापरतो" म्हणतात सगळ्या, पण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. तेवढ्यात पोरं बोअरचंच पितात. मी रक्त तपासते. सलाइनमध्ये मिसळलेलं रक्त गढूळ लाल असतं. त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका, बघता बघता सरबतासारखं नितळ होतं; नळीमागचा पेपर वाचता येतो. पेशींचं आवरण चरबीचं, ते विरघळलं. शिसं, तांबं असे धातूही या आवरणाला इजा करतात. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, नवीन प्रथिनं करता येत नाहीत. आहे त्याच आवरणावर सुमारे 120 दिवस काढायचे. बोअर तपासायलाच हवेत.

सूत_आणि_रंग
ताई, नळीत झालं ते पोटात होत नाही. प्यायलेला साबण काय तसाच रक्तात जातो का? चादर-टॉवेलच्या सुताला आम्ही रिअ‍ॅक्टिव्ह रंग लावतो. हे धाग्याशीच पक्के जोडले जातात; सोबत मीठ आणि सोडा. धातूंचं म्हणाल तर क्रोमियमचे रंग लोकरीचे, सुताचे नाहीत. बायकांचं हिमोग्लोबिन कमी दिसलं तर आधी लोह बघा. पाणी रंगीत दिसलं की खापर डाईंगवर! कितीतरी घरांची चूल यावर पेटते.

लॅबवाली_सोलापूर
साबणाचं पटलं. आवरण किती नाजूक ते दाखवायला सांगितलं. लोहाचंही खरं, रोज बघते. पण दादा, तुमच्या फिरोजी रंगाच्या रेणूतच तांबं असतं ना?

सूत_आणि_रंग
असतं, पण घट्ट बांधलेलं. सुटं तांबं वेगळं.

सीनाकाठ
हौदात बांधलेलं असेल, नाल्यात वर्षभर पडल्यावर काय? शिवाय बोअरमध्ये फक्त डाईंगचं येत नाही; बॅटरी, प्लेटिंग (धातूचा मुलामा), गटार, सगळंच मुरतं. काही मुलांत जन्मतःच जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशीला जपणारं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या पेशी लवकर फुटतात. सरासरी माणसाचा हिशेब त्यांना लावू नका.

सूत_आणि_रंग
मग तपासा ना, मी कुठं नाही म्हणतोय? आकडा येण्याआधी विष म्हणू नका, एवढंच.

लॅबवाली_सोलापूर
विष म्हटलेलं नाही. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला शिसं 0.01, क्रोमियम 0.05, तांबं 0.05 मिलिग्रॅम. इतकं थोडं डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नितळ दिसणारं बोअरचं पाणीही तपासायला द्या. बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. धातूंसाठी तिच्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या आतून चिकटतात आणि आकडा कमी येतो.