मदत हवी आहे: लेथच्या ४० दात्यांच्या गिअरचे दोन दाते तुटले, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) कोणता धरायचा?

बाबांचा जुना बेंच लेथ आता माझ्याकडे आहे. बेड आणि हेडस्टॉक अजून ठणठणीत. गेल्या आठवड्यात आटे पाडत असताना चेंज गिअरमध्ये (आट्यांचं माप ठरवणाऱ्या बदलत्या गिअरांत) चिप अडकली आणि ४० दात्यांच्या बिडाच्या गिअरचे शेजारचे दोन दाते उडाले. गिअरचं कव्हर मी काढून ठेवलं होतं, चूक माझीच.

बाहेरचा व्यास व्हर्निअरने ५३.२ मिमी भरतो. त्याला ४० + २, म्हणजे ४२ ने भागलं की १.२६७ येतं. असा मॉड्यूल कुठल्याच तक्त्यात नाही. एक विक्रेता म्हणतो, १.२५ चा तयार मिळतो, चालून जाईल. मला धास्ती वाटते, कारण एक चुकीचा गिअर बाकीचा संच खाऊन टाकेल आणि नवा संच घेण्याची माझी ऐपत नाही. लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ८ आट्यांचा आहे. ब्रेझिंगने भर घालून कानशीने दाते घडवले तर टिकतील का?

प्रतिसाद:

१.२५ अजिबात घेऊ नका. त्या मॉड्यूलच्या ४० दात्यांच्या गिअरचा व्यास ५२.५ मिमी असतो. झिजून व्यास कमी होतो, वाढत नाही, म्हणजे तुमचा ५३.२ तिथून आलेला नाही. लीडस्क्रू इंचातला आहे, तेव्हा गिअरही इंचातलाच धरा: २० डीपी (डायमेट्रल पिच, म्हणजे दात्याच्या आकाराचं इंचातलं माप). त्यात ४२ भागिले २० म्हणजे २.१ इंच, ५३.३४ मिमी. तुमचा गिअर थोडा झिजलाय, एवढंच.

आता दाब कोन, म्हणजे दात्याच्या बाजूचा कल. जुन्या यंत्रांत १४.५ अंश खूप दिसतो, नव्यांत २०. व्हर्निअरच्या जबड्यात आधी ३ दाते धरून मोजा, मग ४. दोन्ही मापांतला फरक ३.८६ च्या आसपास आला तर १४.५ अंश, ३.७५ आला तर २०. फरक काढल्यामुळे झिजेचा परिणाम बराचसा कटतो. तरी पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

पैसे वाचवायचे असतील तर ब्लँक (दाते न पाडलेली चकती) स्वतः बनवा. हाताने फीड देऊन लेथ आजही चालेल, त्याला चेंज गिअर लागत नाहीत. आधी बोअर (मधलं भोक) नेमका करा, मग मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरचा व्यास ५३.३४ ला आणा, म्हणजे गिअर डगमगणार नाही. मग मिलिंगवाल्याकडून फक्त दाते पाडून घ्या. ४० ला १ च्या डिव्हायडिंग हेडवर (हँडलच्या ४० फेऱ्यांत ब्लँक एकदा फिरवणाऱ्या साधनावर) ४० दाते म्हणजे दर दात्याला हँडलचा बरोबर एक फेरा, हिशेबाची कटकटच नाही. कटर मात्र २० डीपीचा ३ नंबर सांगा, ३५ ते ५४ दात्यांचा. मॉड्यूलच्या कटरांचे नंबर उलट्या क्रमाने असतात, तिथे हेच काम ६ नंबर करतो. या गोंधळात लोकांचे चांगले ब्लँक वाया गेलेले मी पाहिलेत.

ब्रेझिंग बिडावर धरतं, आणि दोन दात्यांसाठी ते वाईट नाही. पण कानशीने दात्याचा वाक नीट साधायला फार सराव लागतो. नवा गिअर बनेपर्यंतची सोय म्हणून करा.

मूळ विचारणारा:

मनापासून आभार. आज सहा ठिकाणी मोजलं, सरासरी फरक ३.८५ आला, म्हणजे १४.५ अंशच. माइल्ड स्टीलचा गोल तुकडा घरात आहे, उद्या बोअर करतो. एकच शंका उरली: चावीची खाच दाते पाडण्याआधी घ्यायची की नंतर?

प्रतिसाद:

आधीही चालेल, पण मँड्रेलवरचं सगळं काम संपल्यावर घेतलेली बरी, म्हणजे बोअर तोवर अखंड राहतो. खाचेच्या कडांवरचा बर काढायला विसरू नका, नाहीतर शाफ्टवर बसताना गिअर अडेल. आणि कव्हर आजच परत लावा.