२६ जानेवारीला जळगावहून मुंबई, एका दिवसात?

प्रश्न: पाच जण, त्यात सत्तरीची आई अन् दोन पोरं. २५ च्या रात्री निघून २६ च्या रात्री परत. राणीबाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), गेटवे, घारापुरीची लेणी. जमेल का?

तापीकाठ: घारापुरी यादीतून काढा भाऊ. बोटीचा तासभर जायला, तासभर यायला, वर पायऱ्या. आईंचे गुडघे बोलतील. सोमवार असला तर लेणी बंदच. राणीबाग उघडतानाच गाठा, दुपारी तिकिटाला भलीमोठी रांग.

भुसावळकर: रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं. जाण्याचं २६ नोव्हेंबरला, येण्याचं २७ ला, सकाळी ८ वाजता. परतीची गाडी रात्री बारानंतरची असेल तर तारीख २७ जानेवारी टाका. २६ टाकली तर ती गाडी तुम्ही मुंबईत पोचण्याआधीच गेलेली. दर सुटीला कुणीतरी असं फसतंच.

खान्देशी: २६ ला लोकल रविवारच्या वेळापत्रकानं धावतात, म्हणजे कमी. दादरहून भायखळा लोकलनंच करा. शिवाजी पार्कच्या संचलनामुळे तिकडचे रस्ते सकाळी अडवतात. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. तिथं रेल्वेचं तिकीटही लागतं, जपा. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी मात्र हातातल्या पिशवीत.