मदत हवी आहे : बार्बेक्यू स्पर्धेनंतरची आवराआवर लवकर कशी उरकावी?

ओमाहाकर

नमस्कार. आम्ही चार मित्र गेल्या वर्षापासून कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी या अमेरिकेतल्या संस्थेच्या नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धांमध्ये उतरतो. स्वयंपाकाचे आमचे बरे चालले आहे. अडचण आहे ती नंतरची. दुपारी दीड वाजता ब्रिस्केटचा, म्हणजे गाईच्या छातीकडच्या मांसाचा, शेवटचा डबा परीक्षकांकडे गेला की रात्रभर जागलेले आम्ही चौघे खुर्च्यांमध्ये कोसळतो, आणि डोळे उघडेपर्यंत बक्षीस समारंभाची वेळ झालेली असते. त्यानंतर आवरायला घेतले की निखारे विझेपर्यंत थांबावे लागते, मैदान सोडायला रात्रीचे आठ वाजतात आणि पुढे तीन तास गाडी हाकायची असते. मागच्या वेळी घाईघाईत स्मोकरचा, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या बंद चुलीचा, खालचा भाग तंबूच्या पिशवीवर ठेवला गेला, तर पिशवीचा तळ वितळून त्याला चिकटला. तो काळा पापुद्रा मी अजून सुरीने खरवडतो आहे. पुढची स्पर्धा दोन आठवड्यांवर आली आहे. सामान कमी करा, हा सल्ला कृपया देऊ नये. तो घरी फुकट मिळतो.

जुनीचूल

ओमाहाकर, आपण सगळे सांगितलेत, फक्त उत्तर द्यायला जे लागते तेवढे राहून गेले. स्मोकर कोणते आणि किती आहेत? कोळशाचे, लाकडाचे की पेलेटचे, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांचे? गाडी कोणती? दीड वाजता त्यांतले किती पेटते असतात? आणि डबे भरायच्या वेळी चौघांपैकी किती जण टेबलाभोवती उभे असतात?

हुरडाप्रेमी

यात एवढे अवघड काय आहे, ते मला समजले नाही. आम्ही दर हिवाळ्यात शेतावर पन्नास-साठ माणसांची हुरडा पार्टी करतो. शेवटची कणसे भाजून झाली की आगटीत दोन बादल्या पाणी ओतायचे, वरून माती लोटायची, सतरंज्या झटकायच्या, आणि पंधरा मिनिटांत ट्रॅक्टर रस्त्याला लागतो. निखारे विझेपर्यंत वाट पाहत बसायचे, हा शहरी प्रकार दिसतो.

धुरकट

लाकूड कोणते वापरता, हे लिहिलेले नाही. नुसते हिकरीच्या झाडाचे लाकूड वापरत असाल तर चिकनवर धुराचा कडवटपणा येतो, त्यात निम्मे चेरीचे लाकूड घालून पाहावे. रंगही छान तांबूस येतो.

ओमाहाकर

धुरकट, आभारी आहे, पण मला चिकनचा रंग बदलायचा नसून घरी लवकर पोहोचायचे आहे.

जुनीचूल, आमचे तीनही स्मोकर कोळशाचे, उभे, नळकांड्याच्या आकाराचे आहेत; दोन 22 इंची आणि एक 18 इंची. एका मोठ्यावर ब्रिस्केट आणि पोर्क, दुसऱ्यावर रिब्स (बरगड्या), लहानावर चिकन. गाडी म्हणजे मिनीव्हॅन आणि मागे भाड्याचा छोटा ट्रेलर. दीड वाजता तिन्ही पेटते असतात. डबे भरताना चौघेही टेबलाशी असतो, कारण तेव्हा प्रत्येकाला आपापले मत असते.

चकलीभाजणी

मला बार्बेक्यूमधले काही कळत नाही, तरी एक सांगावेसे वाटते. माझे वडील साताऱ्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाची कंत्राटे घेत असत. टेम्पोत सामान चढवताना ते प्रत्येक भांडे मोजत आणि आकडा खडूने मोठ्या टोपाच्या बाहेरच्या अंगाला लिहीत. झारे, पळ्या आणि उलथणी एका कापडी पिशवीत, ती पिशवी कढईत, कढई टोपात; जे भांडे ज्याच्या पोटातून आले त्याच्याच पोटात ते परत गेले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. पहिली पंगत बसली की हाताखालच्या माणसांपैकी एकाला ते वाढायला जाऊ देत नसत. तो मागे बसून फक्त भांडी घाशी. शेवटची पंगत उठेपर्यंत टेम्पो निम्मा भरलेला असे आणि यजमानांना त्याचा पत्ताही नसे. आपल्या चौघांपैकी असा माणूस कोण, एवढेच मला विचारायचे आहे.

हुरडाप्रेमी

लग्नाचा स्वयंपाक आणि स्पर्धा यांची तुलनाच होऊ शकत नाही. मूळ प्रश्न आगीचा आहे आणि आग पाण्याने विझते, हे सांगायला आचारी लागत नाही.

जुनीचूल

हुरडाप्रेमी, मूळ प्रश्न आगीचा आहे, एवढे आपले बरोबर. बाकीच्याबद्दल माझा मतभेद आहे. शेतातली आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा. तो आपण तिथेच सोडून घरी येता. स्मोकर मात्र बरोबर न्यायचा असतो. तापलेल्या पत्र्यावर एनॅमलचा थर असतो, त्यावर गार पाणी पडले की तो तडकण्याचा संभव असतो, आणि वाफेचा जो लोट उठतो तो थेट तोंडावर येतो. शिवाय राख, पाणी आणि चरबी यांचा जो काळा रबडा होतो तो काढायला राखेपेक्षा तिप्पट वेळ लागतो आणि तो तसाच राहिला तर पत्रा खातो. माती लोटण्याचे तर नावच नको, कारण जागा आयोजकांची असते. सोसायटीच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की आग पूर्ण विझवून, सगळे सामान हलवून जागा स्वच्छ करून देणे ही संघाची जबाबदारी आहे, आणि जागा अस्ताव्यस्त सोडणाऱ्या संघाला पुढच्या स्पर्धांमधून वगळले जाऊ शकते.

आता ओमाहाकर, आपल्याकडे वळते. आम्ही दोघे नवरा-बायको मिसूरीत सहा वर्षे हे करत आहोत, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते. चिकन बारा वाजता, रिब्स साडेबाराला, पोर्क एकला आणि ब्रिस्केट दीडला द्यायचे असते. पण ब्रिस्केट दीडला द्यायचे म्हणून ते दीडपर्यंत आगीवर असते असे नाही. आपण ते साधारण दहाच्या सुमारास उतरवून, गुंडाळून, बर्फ नसलेल्या कूलरमध्ये मुरायला ठेवत असणार, पोर्कचेही तेच. मग तो मोठा स्मोकर दहा वाजल्यापासून रिकामा असताना दीडपर्यंत कोणासाठी पेटता ठेवलेला असतो?

ओमाहाकर

खरे सांगायचे तर असू द्यावा म्हणून. एखादे वेळी मांस कच्चे निघाले तर, अशी भीती असते. शिवाय ब्रिस्केटच्या जाड टोकाचे तुकडे, म्हणजे बर्न्ट एंड्स, सॉस लावून शेवटी पुन्हा आगीवर ठेवावे लागतात.

जुनीचूल

एवढ्याशा पातेलीभर तुकड्यांसाठी 22 इंची स्मोकर साडेतीन तास कोळसा खात बसतो, हीच आपली गाठ आहे. बर्न्ट एंड्स चिकनच्या लहान स्मोकरवर ठेवावेत. चिकन पावणेबाराला उतरले की तो मोकळाच असतो. ब्रिस्केट उतरवताना तपमान पाहिलेले असेल तर ते दीड वाजता कच्चे कसे निघेल? त्यामुळे दहा वाजता मोठ्याचे खालचे तिन्ही झरोके आणि झाकणावरचा एक झरोका घट्ट बंद करावा. हवा तुटली की कोळसा आपोआप विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. रिब्सचा दुसरा स्मोकर सव्वाबाराला बंद करावा. मग दीड वाजता एकच लहान स्मोकर तापलेला उरतो आणि त्यातही मूठभर निखारे असतात.

ते मूठभर निखारे कोठे टाकायचे, हे शुक्रवारी संध्याकाळी स्पर्धकांच्या बैठकीतच विचारून ठेवावे. बहुतेक ठिकाणी गरम राखेसाठी वेगळे पिंप असते, पण ते मैदानाच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला असते. तशी सोय नसेल तर झाकणाचा पत्र्याचा डबा बरोबर न्यावा. धुगधुगी असलेला कोळसा बंद गाडीत मात्र कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तीन तासांच्या प्रवासात तो जिवावर बेतू शकतो. वितळलेली पिशवी ही आपल्याला स्वस्तात मिळालेली सूचना समजावी.

चकलीभाजणी यांचा प्रश्नही टाळू नये. डबा भरायला दोघे पुरतात. तिसऱ्याने डबा घेऊन जायचे, कारण वेळेच्या आधी पाच आणि नंतर पाच मिनिटे एवढीच मुभा असते, आणि चौथ्याने साडेअकरापासून टेबलाकडे पाठ करून फक्त धुवायचे आणि भरायचे.

ओमाहाकर

पाठ करून उभा राहील असा आमच्यात कोणी नाही, पण प्रयत्न करतो. तंबू आधी उतरवावा का? सगळ्यात जास्त जागा तोच अडवतो.

ऑस्टिनवासी

तंबू शेवटी. जूनमधल्या दुपारी तो आधी उतरवलात तर उरलेले सगळे काम उन्हात करावे लागेल. मात्र पहाटेच्या दवाने छत भिजलेले असते, म्हणून सकाळीच एकदा आतून पुसून घ्यावे. ओला तंबू पिशवीत गेला की आठवड्यात त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

कोणी विचारले नाही, तरी उरलेल्या मांसाबद्दल सांगणे मला भाग आहे. ब्रिस्केटचा एवढा मोठा तुकडा बंद कूलरमध्ये कोमट अवस्थेत घरापर्यंत नेण्याची चूक आम्ही एकदा केली आणि दुसऱ्या दिवशी सगळे फेकून दिले. शिजलेले मांस 140 अंश फॅरनहाइटवरून 70 अंशांवर दोन तासांत आणि तिथून 41 अंशांवर पुढच्या चार तासांत यायला हवे. म्हणून दीड वाजताच त्याचे काप करून उथळ ट्रेमध्ये पातळ पसरावेत आणि निवले की बर्फात दाबावेत. भांडी घासण्याचे तीन टब, म्हणजे साबणाचा, साध्या पाण्याचा आणि जंतुनाशकाचा, या कामानंतरच रिकामे करावेत. आम्ही ते आधी आवरतो आणि मग तेलकट सुऱ्या कागदात गुंडाळून घरी नेतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

हुरडाप्रेमी

झरोके बंद करून कोळसा विझायला किती वेळ लागतो, याचा आकडा अजून कोणीही दिलेला नाही. पाण्याला एक मिनिट लागते.

ओमाहाकर

आकडा देतो. आज रविवार असल्यामुळे मागच्या अंगणात मोठा स्मोकर पेटवून, नेहमीइतका तापवून, बरोबर दहा वाजता चारही झरोके बंद केले. बारा वाजता झाकणाला हात लावणे अशक्य होते आणि बाजूच्या छोट्या दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ चालूच होती, म्हणजे तिथून हवा आत जात होती. मग हातमोजे घालून दाराच्या कडांवर ॲल्युमिनियमच्या फॉइलची दुहेरी पट्टी दाबून बसवली. अर्ध्या तासात धूर थांबला आणि सव्वातीनला नुसत्या हाताने खालचा भाग उचलता आला. आत पाऊण भाग कोळसा शाबूत होता. फॉइल आधीच लावले असते तर आणखी लवकर निवला असता, असे वाटते. पुढच्या वेळी दहा वाजताच लावीन.

एक विचारायचे राहिले. आतल्या पाण्याच्या परातीत चरबीचा जाड थर साचतो. तो गरम असताना ओतावा की गोठू द्यावा?

जुनीचूल

गोठू द्यावा. थर जाड असेल तर तो भाकरीसारखा अख्खा उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकता येतो, आणि खालचे पाणी आयोजकांनी सांडपाण्यासाठी नेमलेल्या जागीच ओतावे, गवतावर किंवा रस्त्याकडेच्या गटारात नाही. परातीला आधीच फॉइल लावलेले असेल तर घासण्याचेही काम उरत नाही.

धुरकट

चेरीचे लाकूड हवे असल्यास माझ्याकडे थोडे शिल्लक आहे.