'क्लच सुटंना' म्हणजे नेमकं काय?

परभणीहून, धागा काढणारा:
माझं गॅरेज आहे. दिवसभर क्लच, ब्रेक, गिअर हेच शब्द तोंडात, तरी गेल्या रविवारी एका साध्या क्रियापदानं मला तोंडघशी पाडलं.

भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या कॉलेजची पोरं 'फॉर्म्युला भारत' या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी एका माणसाची रेसची गाडी बनवतात. इंजिन मोटारसायकलचं (नियमात 710 सीसीपर्यंत चालतं), म्हणजे क्लचही मोटारसायकलचाच: तेलात बुडालेला, एकाआड एक प्लेटींचा. दाबायला स्टेअरिंगशेजारी हाताचा लिव्हर. पोरांनी नव्या प्लेटी टाकल्या, स्प्रिंगा बदलल्या, आणि रात्री साडेदहाला फोन: "मामा, क्लच सुटंना."

मी काय समजलो, तर लिव्हर सोडला तरी क्लच पुरता सुटत नाही, केबल ओढून धरतीय. म्हटलं, "केबल सैल कर." त्यानं केली. पाच मिनिटांत परत फोन: "मामा, आता तर न्यूट्रलच सापडंना, पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज येतो."

त्याला म्हणायचं होतं की लिव्हर दाबला तरी प्लेटी एकमेकींपासून सुटत नाहीत. म्हणजे मी सांगितलं ते बरोबर उलटं. केबल सैल केल्यावर दाब आणखीच कमी पोचणार.

तर प्रश्न असा: 'क्लच सुटत नाही' याचा तुमच्याकडं अर्थ काय घेतात?

लातूरहून:
मराठीची शिकवणी घेतो, गाडी जेमतेम चालवतो. पण तुमचा घोटाळा व्याकरणातच आहे.

तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे या सगळ्या जोड्या एकाच घाटाच्या. तोडलं की तुटतं, फोडलं की फुटतं, गाठ सोडली की सुटते. क्लचपाशी येऊन मात्र ही जोडी फिरते: क्लच सोडला की सुटत नाही, पकडतो! कारण आपण 'सोडतो' ते पेडल किंवा लिव्हर आणि 'सुटते' ती आतली प्लेट. नाव दोघांनाही एकच, क्लच. चालवणारा पायाकडून बोलतो, मिस्त्री प्लेटीकडून.

इंग्रजीतला मूळ शब्द मूठ आवळण्याचा, बोटं वळवून धरण्याचा आहे. त्या हिशोबानं मिस्त्री बरोबर.

जालन्याहून:
सर, हे आम्हाला पुस्तकाशिवाय कळतं. शेतात 'औत सोडलं' म्हणजे काम थांबलं, बैल सावलीला, माणसं भाकरीला. ट्रॅक्टरवर 'क्लच सोडला' म्हणजे काम चालू झालं, बाजूला व्हा. आमच्या वडिलांनी बैलावरून ट्रॅक्टरवर आल्यावर पहिल्या आठवड्यात बांध फोडला. "सोडा, सोडा" म्हणून आम्हीच ओरडत होतो. त्यांना वाटलं थांबवायला सांगायलेत.

नांदेडहून:
'बसला' हा त्याच्याहून बेकार शब्द आहे. 'क्लच नीट बसला' म्हणजे फिटिंग झालं. 'प्लेट अजून बसली नाही' म्हणजे नवीन आहे, घासून एकजीव व्हायला वेळ लागेल. आणि 'क्लचचं पेडल बसलं' म्हणजे खाली गेलं ते वर येईना: लाईनीत हवा शिरली, नाहीतर सिलिंडरचं रबर गेलं. काम झाल्यावर गिऱ्हाईक फोन करून "क्लच बसला" म्हणालं की आनंद मानावा का पाने घेऊन पळावं, कळत नाही.

संभाजीनगरहून, भाचा:
मामा, सगळं सांगितलंत, पण शेवटी काय निघालं ते लिहिलंच नाही, म्हणून मी लिहितो.

गाडी स्टँडवर घेऊन पहिल्या गिअरात टाकली, लिव्हर पूर्ण दाबला. मागची चाकं फिरत होती. एवढ्यावरून काही ठरत नाही. तेल गार असलं की चांगल्या क्लचवरही उचललेली चाकं थोडी फिरतातच. मग मामा म्हणाले, हळू ब्रेक दाब. चाकं थांबून इंजिन चालू राहिलं तर फिकीर नाही. आमचं इंजिन दबत दबत बंद पडलं. म्हणजे प्लेटी खरंच धरून होत्या.

केबल परत मापात आणली, फरक नाही. कव्हर उघडलं. प्लेटी सरळ, काचेवर ठेवून बघितल्या. दोष बास्केटमध्ये होता, म्हणजे प्लेटी ज्यात बसतात त्या बोटं असलेल्या डब्यात. तो आम्ही बदललाच नव्हता. त्याच्या बोटांच्या कडांना जुन्या प्लेटींच्या कानांनी खाचा पाडल्या होत्या. नखाला लागतील एवढ्याच, पण लिव्हर दाबून स्प्रिंगांचा दाब सुटला की नव्या प्लेटींचे कान त्याच खाचांत अडकायचे आणि प्लेट बाजूला सरकायचीच नाही. बारीक कानशीनं कडा सपाट केल्या, प्लेटी पुन्हा इंजिन ऑईलमध्ये भिजवून बसवल्या. न्यूट्रल बोटानं लागलं. नवा बास्केट मागवलाय. घासलेल्यावर रेस काढायची नाही.

परभणीहून, धागा काढणारा:
बरं झालं लिहिलंस. आता दोन गोष्टी शब्दांच्या.

एक, त्यानं 'सुटत नाही' म्हटलंच नव्हतं, 'सुटंना' म्हटलं होतं. पुस्तकी रूप 'सुटेना'. 'सुटत नाही' ही नुसती माहिती. 'सुटेना' म्हणजे आपण झटतोय, दाबून बघतोय, तरी ऐकत नाही. माणूस दाबत असेल तरच 'सुटंना' म्हणेल. लिव्हर परत येत नसता तर पोरगं 'लिव्हर येईना' म्हणालं असतं. आपलीच बोली, माझ्याच कानानं नीट ऐकली नाही.

दोन, याच्या उलट दुखणं असलं की गोंधळ होत नाही, कारण तिथं शब्द पक्का आहे: 'स्लिप मारतो' किंवा 'घसरतो'. वरच्या गिअरात रेस दिली, इंजिन ओरडलं आणि गाडी आहे तिथंच. तेव्हा खरोखर केबल सैल करून बघायची, लिव्हरला थोडा मोकळा प्ले आहे का ते तपासायचं. आणि तेल विचारायचं. तेलातल्या क्लचला मोटारसायकलचं तेल लागतं, डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 लिहिलेलं. कारचं तेल जास्त निसरडं असू शकतं. ते ओतलं तर प्लेटी नव्या असून घसरतात.

कारच्या कोरड्या क्लचला 'सुटंना'ची कारणं वेगळी. प्लेट उलटी बसली, नाहीतर बसवताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटीवर लोंबकळलं आणि ती वाकली. दुसरं आमच्याकडं दर पावसाळ्यात एकदा तरी होतं, कारण पोरं घाईत जॅक काढतात. शब्द मात्र तोच.

लातूरहून:
मग फोनवर विचारायचं तरी कसं?

परभणीहून, धागा काढणारा:
क्लच हा शब्दच घ्यायचा नाही. "लिव्हर दाबल्यावर काय होतं? सोडल्यावर काय होतं?" एवढंच.

संभाजीनगरहून, भाचा:
आम्ही वर्कशॉपच्या फळ्यावर लिहिलंय: 'हात सोड' आणि 'प्लेट सुटली'. 'क्लच सोड' म्हणणाऱ्यानं चहा पाजायचा. आतापर्यंत सगळे चहा मलाच पडलेत.

जालन्याहून:
आणि हाफ क्लचला काय म्हणायचं, सर? अर्धा सुटला का अर्धा सोडला?

लातूरहून:
हाफ क्लच.