मदत हवी आहे : स्पोर्ट्स कॅपची तोटी ओढून तपासायला काय वापरता?

नमस्कार मंडळी,

स्पोर्ट्स ड्रिंकच्या बाटल्या भरणाऱ्या लाइनवर मी क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) बघतो. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाने बाटली परत पाठवली. त्यांच्या मुलाने दातांनी ओढताच झाकणाची (स्पोर्ट्स कॅपची) वर ओढून उघडायची तोटी अख्खी निघून तोंडात आली. त्याने लगेच थुंकली म्हणून निभावलं. ती तोटी आत्ता माझ्या टेबलावर आहे. तळाच्या कंगोऱ्यावर एका बाजूला पांढरट ओरखडा, बाकी कुठे तडा नाही. म्हणजे तुटली नाही, खाचेतून सटकली.

आमच्याकडे टॉर्क टेस्टर आहे, गळतीसाठी व्हॅक्यूम चेंबर आहे. दोन्हींत ही बॅच पास झाली होती. होणारच! टॉर्क टेस्टर झाकण फिरवायला लागणारा जोर सांगतो, आणि व्हॅक्यूममध्ये तोटी बंदच असते. ओढल्यावर ती किती तग धरते हे आम्ही कधी मोजलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय.

खेळणी तपासायच्या स्मॉल पार्ट्स सिलिंडरमध्येही टाकून पाहिली (व्यास 31.7 मिमी, तिरका तळ). सबंध आत गेली, म्हणजे लहान मुलाच्या घशात अडकू शकेल इतकी ती लहान आहे.

हातातला फोर्स गेज (ओढण्याचा जोर मोजणारं साधन) पुरेल का? पक्कडीत धरली की तोटी दबते आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. आणि किती न्यूटनला पास म्हणायचं?

उत्तर :
हाताने ओढू नका, वेग बदलला की आकडा बदलतो. फोर्स गेज मोटर स्टँडवर लावा. बाटलीची मान कापून वाइसमध्ये धरा, तिच्यावर झाकण नेहमीच्या टॉर्कने बसवा. पकडीसाठी तोटीच्या ओठाखाली बसणारी दोन अर्धुकांची कडी लेथवर करून घ्या, म्हणजे तोटी दबणार नाही.

खेळण्यांच्या ईएन 71-1 या युरोपीय सुरक्षा मानकामध्ये 6 मिमीपेक्षा मोठ्या भागाला 90 न्यूटन आहे : 5 सेकंदांत हळूहळू जोर वाढवायचा, 10 सेकंद धरायचा. झाकणांना हा नियम बंधनकारक नाही, पण सुरुवातीला तोच धरा. सरळ ओढून थांबू नका, तिरकंही ओढा. दात तसेच ओढतात. तुमचा ओरखडा एकाच बाजूला आहे, त्याचं कारण बहुधा हेच. काही नमुने शंभरेक वेळा उघड-बंद करून मग ओढा.

कंगोऱ्याचा व्यास साच्याच्या प्रत्येक कॅव्हिटीप्रमाणे (ज्या पोकळीत एकेक नग घडतो ती) वेगळा मोजा. एखाद्याच कॅव्हिटीत प्लास्टिक कमी भरत असेल तर सरसकट नमुन्यांत ती सापडत नाही.

आणि ती बॅच आजच होल्डवर टाका.